आरसेप, आपलं दूध आणि महाराजांची दोन पत्रं

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय परराष्ट्र व्यापाराचा वाटेल, पण रोज सकाळ-संध्याकाळ तो आपल्याच किटलीत असतो.

परदेशाशी व्यापार करार हा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं : "२०१९ ला आरसेपमधून बाहेर पडलो म्हणून दूधवाला वाचला." दुसरं : "बाहेर पडलो म्हणून आपण मागे राहिलो आणि व्हिएतनाम पुढे गेला." ही दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं पुष्कळदा एकाच घरातली असतात. थोरला गोठा बघतो, धाकटा शिरवळला कंपनीत जातो. थोरल्याला बाहेरची दूध पावडर नको. धाकट्याच्या कंपनीला बाहेरून येणारा सुटा भाग स्वस्तात हवा आणि तयार माल बाहेर विकायलाही हवा. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात, म्हणून तर हा वाद मिटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाहेर पडलो ते योग्य झालं. पण ते काम अर्धंच होतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल तेव्हा फारसं कुणी बोललं नाही आणि आजही बोलत नाही. हे कशावरून म्हणतो ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आधी आरसेप म्हणजे काय ते थोडक्यात. आग्नेय आशियातले आसियानचे १० देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत असे मिळून १६ देश. या सगळ्यांनी एकमेकांच्या मालावरची आयात जकात टप्प्याटप्प्याने कमी करायची, असा तो प्रस्ताव. वाटाघाटी नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाल्या. तेव्हा दिल्लीत मनमोहन सिंग यांचं सरकार होतं. सरकार बदललं तरी वाटाघाटी चालूच राहिल्या. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकच्या परिषदेत पंतप्रधान मोदींनी सांगितलं की भारत यात सामील होणार नाही. म्हणजे काटेकोर बोलायचं तर आपण सभासद कधी झालोच नव्हतो. सात वर्षं बोलणी करून सहीच्या आधी उठलो. उरलेल्या १५ देशांनी १५ नोव्हेंबर २०२० ला सह्या केल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून करार लागू झाला.

आता ते दिवस आठवा. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागलेला, सरकार काही बनत नव्हतं. टीव्हीवर दिवसभर मुख्यमंत्रिपदाची भांडणं. आणि इकडे परतीचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. भोर-वेल्ह्यात भात कापणीला आलेलं, लोंब्या पाण्यात. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला तेव्हा बँकॉकमध्ये काय चाललंय हे बघायला उसंत कुठे होती? आपल्या दुधाचा एवढा मोठा निर्णय झाला आणि आपण चिखलात भात गोळा करत होतो.

तरी विरोध करणारे रस्त्यावर होते. अखिल भारतीय किसान संघर्ष समन्वय समितीने त्याच ४ नोव्हेंबरला देशभर निदर्शनं पुकारली होती, महाराष्ट्रात किसान सभा त्यात होती. ऑक्टोबरात स्वदेशी जागरण मंचाने आंदोलन केलं. म्हणजे लाल झेंडा आणि संघ परिवारातली संघटना, दोघांची मागणी एकच. ज्यांच्या सरकारने वाटाघाटी सुरू केल्या त्या काँग्रेसच्या सोनिया गांधींनीही करारावर टीका केली. अमूलचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक आर. एस. सोढी उघडपणे विरोधात बोलत होते. पोलाद आणि कापड उद्योगातूनही नाराजी होती. दुसऱ्या बाजूला अरविंद पानगढियांसारखे अर्थतज्ज्ञ सांगत होते की आत गेलं पाहिजे, बाहेर राहिलो तर कारखाने दुसरीकडे जातील. निर्णय झाल्यावर श्रेय घ्यायला मात्र सगळेच पुढे आले.

विरोधाचं मुख्य कारण आकड्यात होतं. २०१८-१९ मध्ये या १५ देशांशी आपली व्यापारी तूट सुमारे १०५ अब्ज डॉलर होती. त्यातली निम्मी, साधारण ५३ अब्ज, एकट्या चीनची. जकात आणखी उतरवली तर हा आकडा कुठे जाईल, ही भीती. भारताच्या काही अटी होत्या : जकात कपातीचं आधारवर्ष जुनं न धरता २०१९ धरा, आयात एकदम वाढली तर जकात आपोआप वाढेल अशी सोय ठेवा, आणि चीनचा माल दुसऱ्या देशाचं लेबल लावून येऊ नये म्हणून उगमाचे नियम कडक करा. त्यावर समाधान झालं नाही.

पण आपल्यापुरता प्रश्न चीनचा नव्हता, न्यूझीलंडचा होता.

न्यूझीलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या आसपास. पुणे जिल्ह्याची त्याहून कितीतरी जास्त. तिथे वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास दूध निघतं आणि त्यातलं जवळपास ९५ टक्के परदेशी जातं. आपण जगात सगळ्यात जास्त दूध काढतो, २०१८-१९ मध्ये जवळजवळ १८ कोटी ७७ लाख टन. मग एवढ्याशा देशाची भीती कशाला, असं काहीजण विचारायचे.

याचं उत्तर आपल्या दुधाचा भाव कसा ठरतो त्यात आहे. पिशवीतलं दूध न्यूझीलंडहून येत नाही, येते ती पावडर आणि बटर. आपल्याकडे दिवाळीच्या पुढे दूध वाढतं. हिरवा चारा असतो, गाई नुकत्या व्यालेल्या असतात. शहरात खपून जे उरतं त्याचं डेअऱ्या पावडर आणि लोणी करतात. गाईच्या १०० लिटर दुधातून साधारण आठ-नऊ किलो पावडर आणि चारेक किलो लोणी निघतं. त्या पावडरीला आणि लोण्याला बाजारात काय मिळतं त्यावरून डेअरीवाला मागे हिशेब करत येतो आणि शेवटी आपल्या केंद्रावरच्या पाटीवर आकडा पडतो. म्हणजे सगळं दूध नाही, जादाचं दूध भाव ठरवतं. त्या जागी बाहेरची थोडी स्वस्त पावडर आली तरी पाटीवरचा आकडा खाली येतो. मुंबई-पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ते कळणारही नाही. आंबवड्यातल्या दोन गाईंच्या गोठ्याला मात्र दहा दिवसांच्या बिलात लगेच कळतं.

म्हणून मी म्हणतो, बाहेर पडलो ते बरं झालं. आता इतिहासाकडे येतो.

आपल्या आंबवड्यात कान्होजी जेध्यांची आणि जिवा महालाची समाधी आहे. महाराजांच्या लढाया आपल्याला पाठ असतात, कारभार मात्र फारसा माहीत नसतो. त्या कारभारातली दोन पत्रं या वादात फार उपयोगी पडतात. दोन्ही पत्रं कोकणातली आहेत आणि प्रसिद्ध आहेत.

पहिलं पत्र ७ डिसेंबर १६७१ चं, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना. प्रश्न मिठाचा होता. बारदेशात, म्हणजे गोव्यात, पोर्तुगीजांच्या मुलखात मीठ स्वस्त मिळायचं. घाटावरचे व्यापारी तिकडून बैल भरून न्यायचे. आपल्या संगमेश्वराकडचं मीठ महाग पडे, त्याला उठाव नाही. महाराजांनी लिहिलं की बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल आणि व्यापारी आपल्या बंदरांकडे वळेल. तसं केलं नाही तर सगळा उदीम तिकडे जाईल, ही काळजीही त्यात आहे. यातली बारीक गोष्ट बघा. मीठ आणायचंच नाही असा हुकूम नाही. दोन ठिकाणच्या भावांचा हिशेब करून त्या फरकावर जकात बसवलेली आहे.

हे पत्र संरक्षक जकातीचं उदाहरण म्हणून खूपजण सांगतात. २०१९ मध्येही ते फिरत होतं. दुसरं पत्र मात्र त्या चर्चेत कुणी आणलेलं मला आठवत नाही.

दुसरं पत्र ५ सप्टेंबर १६७६ चं, मामले प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर. ज्याच्या अंगात कष्ट करायची ताकद आहे पण बैल नाही, नांगर नाही, पोटाला धान्य नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, खायला धान्य दे. वसुली करताना व्याज घेऊ नको, नुसतं मुद्दल घे, आणि तेही त्याला झेपेल तसं हळूहळू. यासाठी मोठी रक्कम खर्च पडली तरी चालेल, असं स्पष्ट म्हटलेलं आहे.

महाराजांच्या नावावर आजचं अर्थशास्त्र खपवू नये हे मला कळतं. काळ वेगळा, राज्य वेगळं. पण पद्धत बघण्यासारखी आहे. एका पत्राने वेशीवरचा बंदोबस्त, दुसऱ्याने वेशीच्या आतल्या माणसाच्या हातात बैल. पहिलं पत्र एकटं असतं तर बाहेरचं मीठ थांबलं असतं, पण कुणब्याच्या गोठ्यात बैल आला नसता.

हीच जोडी पुण्यात पुन्हा दिसते. १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. खुल्या व्यापाराचा इंग्लंडचा सिद्धांत सगळ्या देशांना सगळ्या काळात लागू पडत नाही, असं त्यांनी इंग्रजांच्या अमलात उभं राहून सांगितलं. तेव्हा जकातीची किल्ली लंडनच्या हातात होती. मँचेस्टरच्या कापडासाठी इथली कापड आयातीवरची जकात १८८२ ला काढून टाकली होती. ती पुढे पुन्हा बसवली तेव्हा इथल्या गिरण्यांच्या मालावरही कर लादला. १८९६ मध्ये त्यावरून टिळकांनी पुण्यात रान उठवलं. पण रानडे जकातीवर थांबले नाहीत. शेतकऱ्याला कर्ज कुठून आणि कसं मिळावं यावरही त्यांनी त्याच सुमारास लिहिलं. पुन्हा तेच : वेस आणि वेशीच्या आतलं घर, दोन्हींचा विचार.

आता अलीकडचा मोठा वाद. वयाने पन्नाशीपुढच्या लोकांना 'डंकेल' आठवत असेल. गॅट या जागतिक व्यापार कराराचे महासंचालक आर्थर डंकेल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये मसुदा मांडला. महाराष्ट्रात गावोगाव त्यावर सभा झाल्या. बियाणं ठेवता येणार नाही, विदेशी कंपन्या शेती गिळतील, असं एक बाजू म्हणे. त्यात डावे होते आणि नुकताच नागपुरात स्थापन झालेला स्वदेशी जागरण मंचही होता. म्हणजे २०१९ ची जोडगोळी तेव्हाचीच. शेजारी कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामींच्या रयत संघाने तर १९९२ च्या डिसेंबरात बेंगळुरूत कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला.

आणि दुसऱ्या बाजूला होते शरद जोशी. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात आंबेठाणला राहून शेतकरी संघटना उभी करणारा माणूस. त्यांनी डंकेल मसुद्याला उघड पाठिंबा दिला. त्यांचा मुद्दा असा की आपलं सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उलट निर्यातबंदी आणि लेव्ही लावून त्याच्याकडून काढून घेतं, म्हणजे सबसिडी उणे आहे. शेतकऱ्याचा खरा लुटारू परदेशात बसलेला नाही, दिल्लीत बसलाय. मग बाजार खुला झाला तर गमवायला आपल्याकडे आहेच काय?

तीस वर्षांनी मागे बघितलं तर काय दिसतं? विरोधकांची बियाण्याची भीती वाया गेली नाही. त्या रेट्यातूनच २००१ चा वाणसंरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आला आणि शेतातलं बियाणं राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क कायद्यात लिहिला गेला. नाशिकची द्राक्षं युरोपात गेली, तिथे जोशींचं बरोबर निघालं. खाद्यतेलात मात्र ते उलट पडलं. नव्वदच्या सुरुवातीला आपण तेलात जवळपास स्वयंपूर्ण होतो. १९९४-९५ पासून पामतेलाची आयात मोकळी होत गेली, आणि आज देशाला लागणाऱ्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. मावळातल्या उतारावर कारळा पेरायचा, त्याचं तेल घरी यायचं. आता कारळा चटणीपुरता शोधावा लागतो. म्हणजे "खुलं करा" किंवा "बंद करा" यातलं एक उत्तर सगळ्या पिकांना लागू पडत नाही. प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा करावा लागतो, मिठाच्या जकातीसारखा.

दुधातही असा एक हिशेब चुकला होता, तो फार थोड्यांना माहीत आहे. जुन्या गॅटच्या काळात, देशात दुधाची टंचाई असताना, भारताने दूध पावडरीवर शून्य जकातीचं वचन देऊन ठेवलं होतं. तेव्हा आयातीवर परवान्याची बंधनं होती म्हणून ते शून्य कुणाला टोचलं नाही. नव्वदच्या अखेरीस ती बंधनं काढायची वेळ आली आणि पावडर बिनजकात येऊ लागली, तेव्हा सगळे जागे झाले. पुन्हा वाटाघाटी करून २००० च्या सुमारास नवी व्यवस्था झाली : वर्षाला १०,००० टनांपर्यंत १५ टक्के जकात, त्यापुढे ६० टक्के. आज आपला गोठा ज्या भिंतीआड उभा आहे ती भिंत ही, साठ टक्क्यांची.

बाहेरची पावडर दरवेळी मारतेच असंही नाही. १९७० मध्ये दुधाचा महापूर सुरू झाला तो युरोपने देणगी दिलेल्या पावडरीवर आणि बटर ऑइलवर. कुरियन यांनी ती फुकट न वाटता शहरात दूध म्हणून विकली आणि तो पैसा सहकारी डेअऱ्या उभ्या करायला वापरला. त्यावरही टीका झाली. गोव्याच्या क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त कडक लेख लिहिला. पण एवढं दिसलं की पावडर कुणाच्या हातात येते आणि तिचा पैसा कुठे जातो यावर बरंच अवलंबून असतं.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. भिंत उभी असताना आत काय झालं?

२०१८. आरसेप नाही, ६० टक्के जकात जागच्या जागी. तरी जगात पावडरीचे भाव पडले, निर्यात परवडेना, गोदामं भरली आणि आपल्याकडे गाईच्या दुधाला १७ रुपयांच्या आसपास भाव आला. जुलैत राजू शेट्टींच्या स्वाभिमानीने दूध बंद आंदोलन केलं, टँकर अडले, शेवटी सरकारने २५ रुपये द्यायचं मान्य केलं. परदेशातून पावडर न येताही भाव पडला, हे लक्षात ठेवा.

२०२०. आरसेप नाकारून सहा महिने झाले नाहीत तोवर लॉकडाऊन. हॉटेलं बंद, मिठाईची दुकानं बंद, भाव पुन्हा वीसच्या खाली. आणि त्याच जूनमध्ये केंद्राने १५ टक्के जकातीने १०,००० टन पावडर आयात करायची परवानगी काढली. जुलैत पुन्हा आंदोलन, रस्त्यावर पुन्हा दूध. ऑगस्टमध्ये विरोधी पक्षाचंही आंदोलन झालं.

२०२३. जुलैमध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला ३४ रुपये दर जाहीर केला. दिवाळीनंतर प्रत्यक्षात २५ ते २७ मिळत होते. जानेवारी २०२४ मध्ये सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं, तेही गाईच्या कानातला बिल्ला, बँक खातं, ऑनलाइन माहिती हे सगळं जुळलं तर. कितीजणांचं कुठे अडकलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

तिन्ही वेळा भिंत शाबूत होती.

चीनचंही तेच. आरसेपमध्ये न जाता चीनशी आपली तूट ५३ अब्जांवरून २०२४-२५ मध्ये ९९ अब्ज डॉलरवर गेली. करार नाकारला म्हणून माल थांबला नाही, कारण तो माल इथे बनवायची तयारी आपण पुरेशी केली नव्हती.

आणि कांदा! २९ सप्टेंबर २०१९ ला कांद्याची निर्यात बंद केली. बँकॉकच्या साधारण पाच आठवडे आधी. पुढे त्याच हिवाळ्यात इजिप्त आणि तुर्कस्तानचा कांदा आयात केला. म्हणजे बाहेरच्या पावडरीपासून शेतकऱ्याला वाचवलं म्हणणारी व्यवस्था, त्याला चार पैसे मिळायची वेळ आली की दार बाहेरून कडी लावून बंद करते. २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी. शरद जोशींचा राग इथे समजतो. आरसेपला पाठिंबा देणाऱ्यांचं सगळं म्हणणं मला पटत नाही, पण हा प्रश्न त्यांनी विचारला तर माझ्याकडे उत्तर नाही : दार शेतकऱ्यासाठी बंद ठेवता ना, मग त्याचा माल बाहेर जाताना ते उघडं का ठेवत नाही?

धाकट्या भावाची बाजूही सोडता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम स्वतः म्हणाले की भारताने आरसेपमध्ये असायला हवं होतं, लहान उद्योगांना फायदा झाला असता. सरकारच्याच संस्थेतला माणूस असं म्हणतो तेव्हा वाद संपलेला नाही हे उघड आहे. पुढच्या करारांत एक मधला रस्ता दिसतो. २०२२ चा ऑस्ट्रेलियाशी करार आणि जुलै २०२५ चा ब्रिटनशी करार, दोन्हींत दूध बाहेर ठेवून बाकीचं बोलणं झालं. अमेरिकेचा दबाव आला तेव्हा ७ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी शेतकरी, पशुपालक आणि मच्छीमारांच्या हिताशी तडजोड नाही असं सांगितलं. चांगली गोष्ट आहे. हे पहिलं पत्र आहे आणि ते लिहिलं जातंय.

दुसरं पत्र कुठे आहे?

उसाला एफआरपी आहे. कारखान्याने किमान किती द्यायचे ते कायद्याने ठरतं. कारखानदार थकवतात, भांडावं लागतं, पण भांडायला कागद तरी आहे. दुधाला तो कागदही नाही. सरकार दर जाहीर करतं, तो पाळायचं बंधन खासगी डेअरीवर नाही. आणि महाराष्ट्रातलं डेअऱ्यांना जाणारं बहुतेक दूध आज खासगी डेअऱ्यांकडे जातं. गुजरातेत गिऱ्हाइकाच्या रुपयातले ८० पैसे उत्पादकाकडे परत येतात असं अमूल सांगते. आपल्याकडे भाव चढला की पिशवी महागते, भाव पडला की पिशवी तेवढीच राहते आणि आपला आकडा खाली येतो. मधला फरक कुणाच्या खिशात जातो हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही.

मी स्वतः दूध घालतो. मशीनला फॅट किती लागली, डिग्री किती लागली, त्यावर बिल. ते मशीन बरोबर आहे का हे तपासणारा माणूस गावात कधी आलेला मी पाहिला नाही. न्यूझीलंडची पावडर लिटरमागे किती रुपये पाडेल यावर आपण २०१९ मध्ये तावातावाने बोललो. मशीनवर एक पॉइंट कमी लागला तर किती जातात यावर कधी बोललो?

म्हणून दुसऱ्या पत्रात काय असावं, माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. एक, दुधाला उसासारखा कायदेशीर किमान दर आणि विक्रीच्या नफ्यात वाटा. किसान सभा हे कित्येक वर्षं मागतेय. तिचा झेंडा कोणताही असो, मागणी रास्त आहे. दोन, प्रत्येक केंद्रावरच्या मिल्कोमीटरची आणि काट्याची बाहेरच्या माणसाकडून ठरावीक तपासणी, आणि तिचा निकाल पाटीवर. तीन, दूध वाढतं त्या महिन्यांत जादा पावडर सरकारने वेळेवर उचलायची आणि टंचाईत बाजारात आणायची. आंदोलन पेटल्यावर नाही, आधी. चार, पेंडीचा आणि पशुखाद्याचा भाव. दुधाला दोन रुपये वाढले आणि गोणीला दोनशे वाढले तर हातात काय राहतं ते सगळ्यांना माहीत आहे.

यातल्या एकाही गोष्टीसाठी बँकॉकला जावं लागत नाही. मुंबईला जावं लागतं, आणि काही गोष्टींसाठी तर भोरला गेलं तरी पुरतं.

इतिहासातून मला कळलेलं एवढंच आहे. बाहेरच्याविरुद्ध एकत्र येणं सोपं असतं, डावे-उजवे सगळे येतात, श्रेयही वाटून घेतात. घरातल्या वाटणीचा प्रश्न आला की हीच मंडळी पांगतात, कारण डेअरी कुणाच्या पाहुण्याची असते, टँकर कुणाच्या भावकीचा असतो. आरसेपवरचं मतभेदाचं रणांगण म्हणूनच पुढाऱ्यांना आवडतं. तिथे आपल्यातल्या कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही.

पुढच्या वेळी दूध संघाची असो, पंचायत समितीची असो की विधानसभेची, निवडणुकीला जो दारात येईल आणि "आम्ही परदेशी दूध येऊ दिलं नाही" म्हणेल, त्याला चहा द्या, आभार माना. आणि मग विचारा, भाऊ, ते ठीक आहे. आमच्या केंद्रावरच्या दराबद्दल तुम्ही काय लिहून देताय?

तुमच्या गावात सध्या ३.५/८.५ ला काय दर मिळतोय आणि पेंडीची गोणी कितीला पडतेय, ते खाली लिहा. भोर-वेल्ह्यातल्या निदान पंधरा-वीस गावांचे आकडे एका जागी आले तर पुढचं बोलणं अंदाजावर होणार नाही. आणि मत पटलं नसेल तर तेही लिहा, विशेषतः शिरवळ-खेड शिवापूरला नोकरी करणाऱ्यांनी. तुमची बाजू मी इथे थोडक्यात मांडली आहे, ती तुम्हीच नीट मांडलेली बरी.